पद्मपूरहून कालप्रियाकडे : भवभूतीचे देशांतर

गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळ पद्मपूर नावाचे एक गाव आहे. धानाची शेती, तलाव आणि झाडीचा प्रदेश अशी या भागाची ओळख असली, तरी संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात या गावाला वेगळे महत्त्व आहे. कालिदासाच्या जोडीने ज्याचे नाव घेतले जाते, त्या भवभूती या नाटककाराने आपल्या पूर्वजांचे वसतिस्थान म्हणून ज्या पद्मपुराचा उल्लेख केला, ते हेच पद्मपूर असावे, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले आणि विदर्भाच्या इतिहासलेखनात ते रूढ झाले. मात्र भवभूतीच्या कर्तृत्वाचा जो भाग प्रकाशात आहे तो सगळा विदर्भाबाहेरचा आहे. त्याची नाटके यमुनेकाठच्या यात्रेत उभी राहिली, त्याला आश्रय कनौजच्या राजाने दिला आणि त्याच्या मोठेपणाचे पहिले दाखले उत्तरेतल्या कवींनी आणि काश्मीरच्या इतिहासकारांनी नोंदवले. आपला मुलूख सोडून परप्रांतात नाव काढणाऱ्या लेखकांची परंपरा महाराष्ट्रात बरीच जुनी आहे आणि तिच्या अगदी आरंभीच्या मानकऱ्यांत भवभूतीची गणना करावी लागते.

प्रस्तावनेतला पत्ता

प्राचीन संस्कृत कवींच्या चरित्राची साधने फार तुटपुंजी आहेत. कालिदासाने स्वतःच्या गावाविषयी, आईवडिलांविषयी किंवा गुरूविषयी काहीच लिहून ठेवले नाही, त्यामुळे त्याच्या जन्मस्थानाचा वाद आजही मिटलेला नाही. भवभूतीची गोष्ट वेगळी आहे. संस्कृत नाटकाच्या आरंभी ‘प्रस्तावना’ नावाचा एक छोटा प्रवेश असतो, ज्यात सूत्रधार, म्हणजे नाटक मंडळीचा प्रमुख, प्रेक्षकांना नाटकाचे आणि कवीचे नाव सांगतो. इतर नाटककारांनी हा परिचय बहुधा एखाद्या वाक्यात उरकला आहे. भवभूतीने मात्र ‘महावीरचरित’ आणि ‘मालतीमाधव’ या दोन नाटकांच्या प्रस्तावनांत आपल्या घराण्याची माहिती इतक्या तपशिलाने दिली आहे की, ती वाचताना एखाद्या दानपत्रातील वंशवर्णनाची आठवण व्हावी.

या माहितीनुसार दक्षिणापथात, म्हणजे नर्मदेच्या दक्षिणेकडील प्रदेशात, विदर्भामध्ये पद्मपूर नावाचे नगर होते आणि तेथे ‘उदुंबर’ हे उपनाम असलेले ब्राह्मण राहत होते. ते कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे आणि काश्यप गोत्राचे होते. घरात पाच पवित्र अग्नी बाळगणारे, सोमयाग करणारे आणि ‘पंक्तिपावन’ होते, म्हणजे ज्यांच्या बसण्याने भोजनाची पंगत पवित्र होते असे मानले जाई त्यांपैकी होते. या कुळात महाकवी नावाच्या पुरुषाने वाजपेय यज्ञ केला होता आणि भवभूती त्याच्यापासून पाचव्या पिढीतला होता. भट्टगोपाल हे आजोबा, नीलकंठ हे वडील आणि जातुकर्णी ही आई. कवीच्या नावाला ‘श्रीकंठ’ हे पदही जोडलेले आहे; श्रीकंठ हे त्याचे मूळ नाव आणि भवभूती हे एका श्लोकावरून मिळालेले बिरुद, असे काही टीकाकारांनी सांगितले आहे, तर इतरांना त्याच्या उलट वाटते. त्याच्या गुरूचे नाव ज्ञाननिधी. व्याकरण, मीमांसा आणि न्याय ही तीन शास्त्रे जाणणारा, अशी तो स्वतःची ओळख करून देतो. मीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र आणि न्याय म्हणजे प्रमाणांचा, तर्काचा विचार. वैदिक पंडिताच्या घरात वाढलेल्या मुलाचे हे ठरलेले शिक्षण होते. त्याच प्रस्तावनेत नटांशी आपला मनापासून स्नेह आहे, असे मात्र तो आवर्जून सांगतो. पाच अग्नींच्या घरातला हा मुलगा नटांच्या मेळ्यात कसा पोहोचला, याचे कारण त्याने दिलेले नाही.

गावात राहणाऱ्या माणसाला स्वतःचे गाव, गोत्र आणि आजोबांचे नाव सांगण्याची गरज सहसा पडत नाही. तो कोणाचा कोण हे सगळ्यांना माहीत असते. परमुलखात गेलेल्याला ते सांगावे लागते. ज्या प्रेक्षकांपुढे ही प्रस्तावना बोलली गेली त्यांना पद्मपूर ठाऊक नव्हते, हे गृहीत धरले म्हणजे या तपशिलाचे प्रयोजन उलगडते. दक्षिणापथ, मग विदर्भ, मग पद्मपूर आणि मग कूळ, असा मोठ्या प्रदेशाकडून लहान ठिकाणाकडे उतरत जाणारा हा पत्ता दूरच्या माणसाला समजावा अशाच बेताने रचलेला आहे.

पद्मपूर कोणते?

एकोणिसाव्या शतकात भवभूतीच्या ग्रंथांचा आधुनिक पद्धतीने अभ्यास सुरू झाला तेव्हा हे पद्मपूर नेमके कोठे, असा प्रश्न पुढे आला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७६ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत जगद्धराच्या टीकेसह ‘मालतीमाधव’ संपादित केले. विदर्भात तैत्तिरीय शाखेच्या ब्राह्मणांची वस्ती कोठे आढळते याचा विचार करून त्यांचा कल चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परिसराकडे झुकला. ‘मालतीमाधव’ ज्या पद्मावती नगरीत घडते तीच पद्मपूर असावी, असेही काहींना वाटले. पण कवीने आपले गाव विदर्भात असल्याचे सांगितले असल्यामुळे मध्य भारतातील पद्मावतीशी त्याचा मेळ बसत नव्हता.

या प्रश्नाची उकल काव्यापेक्षा ताम्रपटांच्या अभ्यासातून झाली. विदर्भावर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून पाचव्या शतकाच्या अखेरपर्यंत वाकाटक घराण्याचे राज्य होते. राजाने भूमिदान केले म्हणजे त्याचा मजकूर तांब्याच्या पत्र्यांवर कोरून तो दान घेणाऱ्याला दिला जाई आणि अशा लेखाच्या आरंभी दान कोठून दिले त्या ठिकाणाचे नाव येई. दुर्ग जिल्ह्यात सापडलेला एक वाकाटक ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे. तो अपुरा आहे. पहिल्याच पत्र्यावर मजकूर थांबतो, त्यामुळे दान कोणाला दिले, कोणते गाव दिले, हे काहीच कळत नाही. तरीही वाकाटकांच्या काळी पद्मपूर हे राजाचा मुक्काम पडावा इतके महत्त्वाचे ठिकाण होते, एवढे त्यातून निश्चित होते. कोकणात जन्मून नागपुरात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या मिराशींनी हा लेख विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात प्रसिद्ध केला. नल राजांच्या स्वारीमुळे रामटेकजवळचे नंदिवर्धन हातचे गेल्यावर वाकाटकांनी पूर्वेकडे सरकून पद्मपूर येथे राजधानी केली असावी, असे अनुमान त्यांनी मांडले. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, आमगावजवळ, त्याच नावाचे गाव आणि जुन्या वस्तीचे अवशेष होते. ताम्रपटातले पद्मपूर आणि नाटकातले पद्मपूर एकच असून ते हे गाव होय, असा निष्कर्ष मिराशींनी काढला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला आणि आमगाव तालुक्यासह पद्मपूरही नव्या जिल्ह्यात आले.

या निष्कर्षामुळे भवभूतीच्या वंशवर्णनालाही अर्थ प्राप्त होतो. राजधानीच्या गावात यज्ञयाग करणारी विद्वान घराणी राजाच्या दानावर स्थिरावलेली असणे स्वाभाविक होते. भवभूतीच्या जन्माच्या वेळी मात्र वाकाटकांची सत्ता लयाला जाऊन जवळजवळ दोन शतके लोटली होती. दक्षिणेत बदामीच्या चालुक्यांचे प्राबल्य होते, पश्चिम विदर्भात अचलपूरच्या परिसरात राष्ट्रकूटांची एक लहान शाखा राज्य करीत होती आणि वैनगंगेच्या पूर्वेकडील पद्मपूर हे राजधानीचे वैभव संपलेले एक जुने गाव उरले होते. अशा गावात विद्येची परंपरा टिकू शकते, पण नाटकासारख्या खर्चिक आणि अनेकांच्या सहकार्यावर चालणाऱ्या कलेला आश्रय मिळणे अवघड असते. भवभूतीने गाव का सोडले याचे उत्तर बहुधा या परिस्थितीतच शोधावे लागेल.

कालप्रियनाथाच्या यात्रेत

भवभूतीची तीनही नाटके, म्हणजे ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’, कालप्रियनाथाच्या यात्रेनिमित्त सादर झाली, असे त्या नाटकांच्या प्रस्तावनांत सांगितले आहे. हा कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल, असे जुन्या टीकाकारांपासून अनेकांनी मानले. मिराशींनी मात्र त्याचे स्थान यमुनेच्या दक्षिण तीरावरील काल्पी येथे, आजच्या उत्तर प्रदेशातील जालौन जिल्ह्यात, ठरवले आणि तेथील देव सूर्य असल्याचे दाखवले. त्यांच्या पुराव्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कनौजच्या दक्षिणेकडील खूण म्हणून कालप्रियाचा उल्लेख केला आहे. दुसरे म्हणजे राष्ट्रकूट राजा चौथा गोविंद याच्या ९३० मधील खंबायत ताम्रपटात तिसऱ्या इंद्राच्या उत्तरेवरील स्वारीचे वर्णन आहे आणि त्यात त्याच्या हत्तींनी कालप्रियाच्या प्रांगणात दातांनी धडका दिल्याचे आणि पुढे सैन्याने यमुना ओलांडून कनौज उद्ध्वस्त केल्याचे सांगितले आहे. दक्षिणेकडून कनौजकडे जाताना यमुनेच्या अलीकडे लागणारे देवस्थान उज्जैनचे असू शकत नाही.

यात्रेत नाटक होणे ही गोष्ट गोंदिया-भंडाऱ्याकडच्या वाचकाला मुद्दाम समजावून सांगावी लागत नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, दिवसा दंडार हे लोकनाट्य होते आणि रात्री उभारलेल्या मंडपात पहाटेपर्यंत नाटक चालते. पाहुणेरावळे, लेकीबाळी त्यासाठी गावी येतात. आठव्या शतकातील कालप्रियाची यात्रा आणि आजची मंडई यांच्यात परंपरेचा धागा जोडणे धाडसाचे ठरेल, पण देवाच्या निमित्ताने जमलेला संमिश्र जनसमुदाय हाच नाटकाचा प्रेक्षक, ही व्यवस्था दोन्हीकडे सारखी आहे. भवभूतीच्या नाटकांत कोठेही आश्रयदात्या राजाचे नाव येत नाही, प्रस्तावनांत फक्त यात्रेचा निर्देश येतो. यावरून ही नाटके लिहिली तेव्हा त्याला राजाश्रय मिळालेला नव्हता, नटांच्या मंडळ्यांवर आणि यात्रेच्या प्रेक्षकांवरच त्याची भिस्त होती, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे.

‘मालतीमाधव’ नाटकाच्या प्रस्तावनेतील एका प्रसिद्ध श्लोकाला या परिस्थितीची पार्श्वभूमी आहे. आपली अवहेलना करणाऱ्यांना उद्देशून भवभूती तेथे सांगतो की, हा खटाटोप त्यांच्यासाठी नाही. काळाला अंत नाही आणि पृथ्वीही मोठी आहे, तेव्हा आपल्यासारख्याच वृत्तीचा कोणीतरी कधीतरी निपजेल. या श्लोकात पुढे अनेकांना कवीचा अहंकार दिसला. गावाच्या आणि कुळाच्या ओळखीवर ज्याचे काही चालत नव्हते, अशा बाहेरच्या माणसाचे बोल म्हणून तो वाचला तर त्यातली धार अधिक समजते.

राजाश्रय पुढे मिळाला. कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘राजतरंगिणी’ या काश्मीरच्या इतिहासात, वाक्पतिराज आणि भवभूती हे कवी ज्याच्या पदरी होते त्या यशोवर्म्याला काश्मीरच्या ललितादित्याने जिंकल्याची नोंद केली आहे. हा यशोवर्मा कनौजचा राजा. चिनी दरबाराच्या नोंदींत ७३१ मध्ये मध्य भारताच्या राजाने पाठवलेल्या वकिलातीचा उल्लेख आहे आणि तो राजा म्हणजे यशोवर्माच, असे मानले जाते. त्याचा राजकवी वाक्पतिराज याने ‘गउडवहो’, म्हणजे गौड राजाचा वध, हे काव्य लिहिले. त्यात आलेल्या ग्रहणाच्या उल्लेखावरून हर्मान याकोबी या जर्मन पंडिताने १४ ऑगस्ट ७३३ ही तारीख काढली. भवभूतीचा काळ ठरवण्याची मदार या सगळ्या दुव्यांवर आहे. वाक्पतिराज भवभूतीच्या वाणीला समुद्राची उपमा देतो आणि त्यातून निघालेल्या अमृताचे कण आपल्या काव्यात अजून चमकत आहेत, अशा अर्थाची कबुली देतो. हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, आहे. विदर्भातून आलेल्या कवीने उत्तरेत संस्कृतात नाटके लिहिली आणि कनौजच्या राजकवीने महाराष्ट्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषेत महाकाव्य रचले. यशोवर्म्यानेही ‘रामाभ्युदय’ नावाचे नाटक लिहिल्याचे सांगितले जाते. ते आज उपलब्ध नाही.

विदर्भातला विद्यार्थी

‘मालतीमाधव’ हे दहा अंकी ‘प्रकरण’ आहे. प्रकरण म्हणजे ज्याचे कथानक पुराणातून न घेता कवीने स्वतः रचले आहे आणि ज्याचा नायक राजाऐवजी मंत्री, ब्राह्मण किंवा व्यापारी अशा वर्गातला आहे, असा नाट्यप्रकार. कथानक निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाल्यावर भवभूतीने नायक म्हणून कोणाला घेतले, हे पाहण्यासारखे आहे. माधव हा विदर्भाच्या राजाचा मंत्री देवरात याचा मुलगा. तो कुंडिनपूर सोडून तर्कशास्त्र शिकण्यासाठी पद्मावती नगरीत येऊन राहिला आहे. कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धेकाठचे कौंडण्यपूर. पद्मावती म्हणजे ग्वाल्हेर भागातील पवाया. नाटकाच्या नवव्या अंकात सिंधू, पारा, लवणा आणि मधुमती या नद्यांच्या संगमांचे जे वर्णन येते ते त्या ठिकाणच्या भूगोलाशी जुळते आणि ग्वाल्हेर संस्थानातील पुरातत्त्वज्ञ गर्दे यांच्या शोधामुळे हे स्थान पक्के झाले. विदर्भातून उत्तरेकडे शिकायला गेलेला तरुण हा या नाटकाचा नायक आहे आणि नगरीचे वर्णन करणाऱ्या कवीने ती जवळून पाहिलेली होती, हे उघड दिसते.

माधवाचे पद्मावतीच्या मंत्र्याची मुलगी मालती हिच्यावर प्रेम बसते. दोघांच्या वडिलांनी विद्यार्थिदशेतच आपल्या मुलांचे लग्न करण्याचा शब्द एकमेकांना दिलेला असतो, पण पद्मावतीच्या राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यायची असते. त्या दोन्ही वडिलांबरोबर शिकलेली कामंदकी ही वृद्ध बौद्ध संन्यासिनी मग सारी सूत्रे आपल्या हाती घेते. पाचव्या अंकात हताश झालेला माधव रात्री स्मशानात जातो. तेथे चितांच्या उजेडात भुतेप्रेते दिसतात, कराला देवीच्या देवळातून किंकाळी ऐकू येते आणि अघोरघंट हा कापालिक मालतीचा बळी देण्याच्या तयारीत असल्याचे माधवाला आढळते. कापालिक म्हणजे कवटी धारण करून उग्र साधना करणारा शैव पंथीय. पंचाग्नी बाळगणाऱ्या वैदिक घराण्यातला कवी बौद्ध भिक्षुणीला कथेची सूत्रधार बनवतो आणि कापालिकांचे जग इतक्या बारकाईने रंगवतो, हे त्याच्या अनुभवाचा पल्ला सांगणारे आहे. संस्कृत नाटकात ठरलेला विदूषक त्याच्या एकाही नाटकात नाही. हसवण्याकडे त्याचा ओढा नव्हता.

पुन्हा पाहिलेले अरण्य

उरलेली दोन नाटके रामकथेवरची, प्रत्येकी सात अंकांची आहेत. ‘महावीरचरित’ नाटकात रामाच्या विवाहापूर्वीपासून राज्याभिषेकापर्यंतची कथा असून रावणाच्या मंत्र्याच्या कारस्थानाभोवती ती गुंफलेली आहे. या नाटकाचा पाचव्या अंकातील काही भागापर्यंतचाच मजकूर भवभूतीचा असून पुढचा भाग इतरांनी पुरा केला, असे हस्तलिखितांवरून दिसते. भवभूतीची कीर्ती टिकली ती मुख्यतः ‘उत्तररामचरित’ नाटकावर.

या नाटकाचा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. वनवासातील प्रसंगांची भिंतीवर काढलेली चित्रे लक्ष्मण राम-सीतेला दाखवतो. ती पाहताना गरोदर सीतेला ते जुने अरण्य आणि भागीरथीचे पाणी पुन्हा अनुभवावेसे वाटते. ती रामाच्या हातावर डोके ठेवून झोपते तोच दुर्मुख हा हेर लोकापवाद घेऊन येतो आणि अरण्य पाहण्याची तिची इच्छाच तिला वनात सोडून येण्याचे निमित्त ठरते. दुसरा अंक बारा वर्षांनंतरचा आहे. तप करणाऱ्या शंबूक या शूद्राला ठार मारण्यासाठी राम दंडकारण्यात येतो. वर्णव्यवस्थेच्या नावाखाली झालेला हा वध कथेत आधीपासून होता आणि भवभूतीने तो वगळला नाही. पण तलवार उचलताना त्याचा राम आपल्याच उजव्या हाताला उद्देशून बोलतो आणि सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू हात, तुला दया कोठली, अशा अर्थाचे विचारतो. कर्तव्याचे पालन आणि त्याची शिसारी या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात याव्यात, असे प्रसंग संस्कृत नाटकात थोडे आहेत.

त्यानंतर राम त्या अरण्यावर नजर टाकतो. पूर्वी जेथे नदीचा प्रवाह होता तेथे आता वाळवंट झाले आहे, दाट झाडी होती तेथे ती विरळ झाली आहे आणि विरळ होती तेथे दाटली आहे. बऱ्याच काळानंतर पाहिलेले हे वन दुसरेच वाटावे, पण डोंगर जागच्या जागी आहेत म्हणून ते हेच असल्याची खात्री पटते. अरण्याची शोभा वर्णन करणारे शेकडो श्लोक संस्कृतात आहेत, पण तेच ठिकाण वर्षांनंतर पाहणाऱ्या माणसाची चाचपडणारी दृष्टी इतक्या नेमकेपणाने टिपणारा श्लोक विरळा. गोदावरीचा काठ आणि दंडकारण्य हा भवभूतीच्या दक्षिणापथाचाच भाग. या ओळी त्याच्या आत्मचरित्राचा पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. मात्र नदी पात्र बदलते, झाडी हलते आणि डोंगर तेवढे ओळख देतात, हे निरीक्षण मुलूख सोडून गेलेल्या आणि परतीच्या वाटेवर थबकलेल्या माणसाचे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरा ‘छाया’ अंक याच अनुभवाचा विस्तार आहे. गंगेच्या वराने अदृश्य झालेली सीता तमसा नदीदेवतेबरोबर तेथेच वावरते. रामाला ती दिसत नाही, पण तिला तो दिसतो आणि त्याचा शोकही ऐकू येतो. वासंती ही वनदेवता रामाला जुन्या खुणा दाखवत जाते: सीतेने पल्लव भरवून वाढवलेले हत्तीचे पिल्लू आता मोठे झाले आहे, तिने टाळ्यांच्या तालावर नाचवलेला मोर कदंबावर बसला आहे, दोघे ज्यावर बसत ती शिळाही जागेवर आहे. राम मूर्च्छित पडतो तेव्हा सीतेच्या स्पर्शाने सावध होतो आणि तो स्पर्श ओळखूनही त्याला ती सापडत नाही. करुण हाच मूळ रस असून पाणी जसे भोवरा, बुडबुडा आणि लाट अशी रूपे घेते तसे इतर रस त्याचेच विकार आहेत, हा विचार भवभूतीने याच अंकाच्या अखेरीस तमसेच्या तोंडी घातला आहे. रस म्हणजे नाट्यातून प्रेक्षकाला येणारा भावाचा आस्वाद. भरताच्या नाट्यशास्त्राने मांडलेल्या आठ रसांची अशी एका रसात गुंडाळी करणे हे शास्त्राच्या दृष्टीने धाडस होते. सातव्या अंकात वाल्मीकी अप्सरांकडून गंगेकाठी एक नाटक करवतो, त्यात राम स्वतःचीच कथा प्रेक्षक म्हणून पाहतो आणि नाटकातल्या नाटकातून खरी सीता परत येते. वाल्मीकिरामायणात सीता भूमीत लुप्त होते. भवभूतीने ताटातुटीचा शेवट भेटीत केला आणि ती भेट रंगभूमीवरच घडवून आणली.

कीर्तीचा परतीचा प्रवास

भवभूतीच्या निधनानंतर त्याचे नाव उत्तरेतच प्रथम रुजले. इसवी सन ८०० च्या सुमारास काश्मीरचा वामन आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात त्याचे श्लोक उदाहरणादाखल घेतो आणि अकराव्या शतकात क्षेमेंद्र त्याच्या शिखरिणी वृत्ताची, म्हणजे सतरा अक्षरी चरणाच्या छंदाची, मुक्तकंठाने स्तुती करतो. इसवी सन ९०० च्या आसपास कनौजच्या प्रतीहार राजांच्या पदरी असलेला राजशेखर स्वतःला भवभूतीचा अवतार म्हणवून घेतो. या राजशेखराचा पणजा अकालजलद याला ‘महाराष्ट्राचा चूडामणी’ म्हटले जाई. म्हणजे भवभूतीनंतर दीडशे वर्षांनीही महाराष्ट्रातून गेलेले कवींचे एक घराणे त्याच कनौजमध्ये नावारूपास आले होते. अठराव्या शतकात महाराष्ट्राबाहेर दक्षिणेतही त्याच्या नाटकांचा अभ्यास झालेला दिसतो. तंजावरच्या मराठी राज्यात तुकोजी राजाचा मंत्री असलेल्या घनश्याम पंडिताने ‘उत्तररामचरित’ नाटकावर टीका लिहिली.

भवभूतीविषयी दंतकथाही पुष्कळ तयार झाल्या. ‘भोजप्रबंध’ या ग्रंथाने त्याला आणि कालिदासाला भोजाच्या एकाच सभेत आणून बसवले, तर कालिदासाने त्याच्या एका श्लोकातील केवळ एक अनुस्वार काढायला सुचवल्याची गोष्ट पंडितांच्या बैठकीत अजून सांगितली जाते. कालगणनेपुढे या कथा टिकत नाहीत. एक प्रश्न मात्र खरोखरच गुंतागुंतीचा आहे. ‘मालतीमाधव’ नाटकाच्या एका जुन्या हस्तलिखितात काही अंकांच्या शेवटी कर्ता म्हणून कुमारिल भट्टाचा शिष्य, म्हणजे उंबेकाचार्य, याचे नाव आले आहे. १८८७ मध्ये ‘गउडवहो’ संपादित करणाऱ्या शंकर पांडुरंग पंडित यांनी त्याकडे लक्ष वेधले. उंबेक हा मीमांसेतील मोठा टीकाकार. तो आणि भवभूती एकच असे मानावे की नाही, यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही.

मराठीत भवभूती आला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. परशुरामतात्या गोडबोले यांनी ‘उत्तररामचरित’ आणि कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ‘मालतीमाधव’ मराठीत आणले, तेव्हा मराठी गद्य आणि रंगभूमी दोन्ही घडत होती. पुढे भांडारकर, बेलवलकर, काणे आणि काळे यांच्या संपादनांनी त्याचे ग्रंथ शाळा-महाविद्यालयांत पोहोचले. बेलवलकरांचे ‘उत्तररामचरित’ १९१५ मध्ये हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेतून निघाले. मिराशींनी आयुष्यभराच्या संशोधनाचा निष्कर्ष १९७४ मध्ये भवभूतीवरील ग्रंथात मांडला. आज आमगावच्या महाविद्यालयाला आणि गोंदिया शहरातील रंगमंदिराला भवभूतीचे नाव आहे.

ज्या मुलखातून भवभूती गेला तेथे त्याच्या नावाचा एकही शिलालेख सापडलेला नाही आणि त्याच्या पिढीची कोणतीही स्थानिक आठवण उरली नव्हती. वाकाटक राजाच्या लेखनिकाने पद्मपूरचे नाव तांब्यावर कोरले, पण ते दानपत्र पहिल्याच पत्र्यावर अपुरे राहिले. सुमारे अडीचशे वर्षांनी यमुनेकाठच्या यात्रेत, ज्यांनी हे गाव कधी पाहिले नव्हते अशा लोकांपुढे, सूत्रधाराने तेच नाव उच्चारले आणि प्रत्येक नव्या हस्तलिखितात, प्रत्येक प्रयोगात ते पुन्हा पुन्हा उच्चारले गेले. अपुऱ्या ताम्रपटाला आणि नाटकाच्या प्रस्तावनेला शेजारी ठेवून मिराशींना आमगावच्या वाटेवरचे गाव ओळखता आले, त्याचे कारण परमुलखात गेलेल्या कवीने आपला पत्ता गाळला नव्हता, हे होय.